चौथ्या भिंतीचा कुंचला

मी एक जुना कुंचला आहे. दुकानात टांगलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्याच्या ब्रशांपैकी नव्हे, पळसाच्या मुळाचा. माझे निम्मे केस गळाले आहेत, उरलेल्यांत चुन्याच्या गाठी बसल्या आहेत आणि मूठ एका बाजूने झिजून पातळ झाली आहे. मित्रांनो, मला पाहून हसू आलं तर खुशाल हसून घ्या. पण हसून झालं की जरा खाली बसा. मला माझ्याकडून घडलेली एक वाईट गोष्ट सांगायची आहे, आणि वाईट गोष्ट उभ्या उभ्या सांगता येत नाही.

पालम गावाच्या पलीकडच्या माळावर एका पळसाच्या बुडाशी मी मातीत सुखाने पडून होतो. रामहरी नावाच्या माणसाने मला खणून काढलं, दीड वीत कापलं आणि चार दिवस पाण्यात बुडवून ठेवलं. मग दगडावर घेऊन लाकडी मोगरीने असं बदडलं, की माझ्या टोकाचा धागा न् धागा सुटा झाला. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पण बदडल्याशिवाय मुळाचा कुंचला होत नाही, हे मला पुढे कळलं. आठवडी बाजारात त्याने मला कांद्याच्या ढिगाशेजारी मांडलं. तिथे बन्सीधरने मला उचललं, माझे केस तळहातावर फिरवून पाहिले आणि रामहरीला म्हणाला, "ह्यो चुना लय धरंल." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

बन्सीधर आमच्या गावातला सफेदीवाला. दिवाळीआधी गावातली घरं रंगवायला त्याच्याकडे दुसरे कुंचले होते. मला मात्र त्याने फक्त चर्चसाठी ठेवलं. आमचं चर्च म्हणजे एकच खोली. काळ्या दगडाच्या, गिलावा केलेल्या चार भिंती, वर पत्रे, पुढे लिंबाचं झाड. गावात ख्रिस्ती घरं अकरा. पाळक महिन्यातून एकदा बाहेरून यायचे, बाकीच्या रविवारी मंडळी आपली आपण प्रार्थना करायची. मी दाराशेजारच्या कोनाड्यात राहायचो. वर्षाचे अकरा महिने मला कुणी विचारायचं नाही. पाली माझ्या अंगावर झोपायच्या, मुंग्या माझ्या केसांतून रस्ता काढायच्या. पण नाताळच्या आधीचा आगमनकाळ आला, की माझ्याइतका मानाचा गडी गावात दुसरा नसायचा.

त्याचं कारण आमच्या मंडळीची एक रीत. आगमनकाळाचे रविवार चार आणि चर्चच्या भिंतीही चार. दर रविवारी एक भिंत पांढरी करायची. चर्च बांधलं तेव्हा चुना भिजवायला एकच लहान रांजण होता, त्यात एका भिंतीपुरताच चुना मावायचा, म्हणून हे सुरू झालं. पुढे मोठं पिंप आलं, तरी रीत राहिली. शनिवारी सगळ्या घरांतली माणसं खुरपी घेऊन यायची आणि भिंत खरडायची. जुने पोपडे, जाळी, धूर, सगळं काढून टाकायचं. रविवारची उपासना झाली, की भिंत पाण्याने ओली करून बन्सीधर मला चुन्यात बुडवायचा. पोरं आईला विचारायची, "नाताळला किती भित्ती राहिल्या?" आणि आया सांगायच्या, "दोन राहिल्या. गप झोप."

चुन्याबद्दल एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. खरडलेल्या भिंतीलाच तो धरतो. घाणीवरून मारला तर त्या दिवशी भिंत झकास दिसते, पण पुढच्या उन्हाळ्यात पोपडा सुटून खाली पडतो. बन्सीधरला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं.

चौथी भिंत म्हणजे प्रार्थनेच्या मेजामागची. तिच्यावर, चर्च बांधताना ज्यांनी दगड वाहिले, त्यांची नावं लिहिली होती. दार रंगवून उरलेल्या निळ्या ऑइल पेंटने बन्सीधरचे वडील राधाकिशन यांनी ती लिहिली. त्यात बन्सीधरचं नाव होतं आणि त्याच्या खालीच त्याचा धाकटा भाऊ प्रीतम याचं. त्या भिंतीवर मला फार जपून चालावं लागायचं. बन्सीधर माझी कड धरून अक्षरांच्या काठाकाठाने चुना लावायचा आणि प्रीतम शिडी धरून सांगायचा, "दादा, हल्लू. माझ्या नावाला चुना लागंल." पहिली दोन वर्षं अशीच गेली. त्यांची आई बायनाबाई खाली बसून बघायची आणि दोघांना चहाला हाक मारायची. त्या दोन वर्षांत मी खरोखर सुखी होतो.

तिसऱ्या वर्षी प्रीतम बायकोला घेऊन ऊस तोडायला सांगलीकडे गेला. वडील आजारी होते. बन्सीधर म्हणाला, "औंदा जाऊ नको." प्रीतम म्हणाला, "मुकादमाला शब्द दिलाय, दादा. काई झालं तर कळव, लगेच येतो." तो गेला आणि बन्सीधरच्या मनात ती अढी बसली. आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे, वडील वारले.

आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे तेव्हा गावात फक्त दोघांना ठाऊक होतं, बन्सीधरला आणि मला. शेजाऱ्यांनी विचारलं, "प्रीतमला कळवलं का?" बन्सीधर म्हणाला, "सकाळीच कळवलं. येणं जमत न्हाई म्हणला." त्याने कळवलंच नव्हतं. बुधवारी माती झाली. माणसं घरी गेल्यावर तो चर्चच्या पायरीवर येऊन बसला. मी शेजारी बादलीत भिजत पडलो होतो. तेव्हा कुठे त्याने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "प्रीतम, बाबा गेले. माती बी झाली." पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही, फक्त रडणं ऐकू आलं.

प्रीतम मिळेल त्या वाहनाने निघाला आणि शुक्रवारी गावात पोचला. आधी तो कबरीवर गेला, मग घरी. दारात बायनाबाई उभी होती. ती त्याला म्हणाली, "बाप मेला तरी ऊस सुटला न्हाई का रं तुझ्या हातचा?" हे बोलणं सगळ्या आळीने ऐकलं आणि भिंत खरडताना पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून मलाही ते पाठ आहे. प्रीतम म्हणत होता, "माय, मला माती होईस्तोवर कळलंच न्हाई." कुणी विश्वास ठेवला नाही. बन्सीधर मान खाली घालून गप्प बसला.

मग चौथा रविवार आला. बन्सीधरने मला चुन्यात बुडवलं. नेहमीसारखं काठाकाठाने जायचं सोडून त्याने मला प्रीतमच्या नावावर दाबलं आणि आडवे तीन पट्टे ओढले. मंडळीतल्या दोघातिघांनी बरोबर केलं अशा माना हलवल्या. प्रीतम दारात उभा होता. तो वळला, बायकोला घेऊन त्याच दिवशी गाव सोडून गेला आणि परत आला नाही.

कुंचल्याचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. मीही सात वर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण ते नाव माझ्याच केसांनी झाकलं गेलं. खरं काय ते मला माहीत होतं आणि तरी मी चुना सोडला. मला लाज वाटत होती, मित्रांनो, अजूनही वाटते.

आणि चुन्याने आपलं काम केलं. ऑइल पेंट गुळगुळीत असतो, त्यावर चुना बसत नाही. वैशाखात पोपडा सुटला आणि निळा रंग पुन्हा दिसायला लागला. पुढच्या आगमनकाळात बन्सीधरने पुन्हा झाकलं. पुन्हा पोपडा. दरवर्षी सगळी माणसं बाकीची भिंत खरडायची, तेवढी हातभर जागा मात्र तो कुणाला खरडू द्यायचा नाही. "तितं मी बगतो," म्हणायचा. नंतर नंतर तो प्रार्थनेच्या वेळी मेजाकडे बघेनासा झाला, दाराजवळ पाठ करून बसू लागला. त्याचे केस पिकले, माझे गळाले. बायनाबाईची नजर अधू झाली. ती प्रीतमचं नाव काढत नसे, पण नाताळच्या जेवणाला एक ताट जास्तीचं मांडायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "मोजताना चुकलं."

यंदा आमच्याकडे नव्या पाळकबाई आल्या, शुभदाताई. आगमनकाळाचे चारही रविवार त्या परभणीहून एसटीने आल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी आमची रीत पाहिली आणि त्यांना ती फार आवडली. त्या म्हणाल्या, "येणारा येणारच आहे. आपण त्याच्यासाठी घर साफ केलंय का, वरवर पांढरं केलंय, एवढंच हा काळ आपल्याला विचारतो." त्या अगदी साधेपणाने बोलल्या, पण बन्सीधर मला चुन्यात बुडवून भिंतीकडे न्यायचं विसरला.

तिसऱ्या रविवारी त्यांनी एक बातमी आणली. पाथरीकडे उसाच्या फडावर त्या प्रार्थनेला गेल्या होत्या. तिथे टोळीतल्या एका माणसाने त्यांना, कुठल्या गावाला जाता, म्हणून विचारलं. गावाचं नाव ऐकल्यावर त्याने हातातला कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, "तितं चार भित्ती असत्यात. चौथी झाली का?"

बायनाबाई सतरंजीवर बसली होती. तिने हात पुढे करून शुभदाताईंचा पदर धरला. "उंच हाय का त्यो? डाव्या भुवईवर खूण हाय का?"

"हो, मावशी. आहे खूण."

म्हातारी रडली नाही. ती बन्सीधरकडे तोंड वळवून म्हणाली, "बन्शा, त्यो तवा म्हणत व्हता, मला कळलं न्हाई. खरं असंल का रं? मी आता पिकलं पान. मी त्याला लय वंगाळ बोलले व्हते. त्याचं खरं असंल तर मला कळाया पायजे."

बन्सीधर म्हणाला, "उशीर व्हायलाय, माय. घरी चल."

शनिवारी सगळे खरडून गेल्यावर बन्सीधर एकटा मागे राहिला. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. ती हातभर जागा तशीच होती, पोपडे फुगलेली, मधून निळं दिसत असलेली. त्याने मला चुन्यात बुडवलं, वर उचललं, भिंतीपर्यंत नेलं आणि थांबला. चुना माझ्या केसांतून त्याच्या कोपरापर्यंत ओघळला. त्याने मला पुन्हा बुडवलं, पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी त्याला हातच उचलवेना. तो मेजाला टेकून खाली बसला आणि मोठ्याने रडला. मी त्याच्या मांडीवर होतो. इतकी वर्षं मला त्याचा राग यायचा, त्या दिवशी मात्र फक्त दया आली.

रविवारी उपासना संपली. माणसं भिंत बघायला थांबली होती. मी बादलीच्या काठावर चुन्यात भिजून तयार होतो. बन्सीधर उभा राहिला, पण त्याने मला उचललं नाही.

"माय, आन् समदे ऐका," तो म्हणाला. "बाबा गेले तवा म्या प्रीतमला कळवलंच न्हवतं. त्यो आजारात थांबला न्हाई म्हणून माझ्या मनात राग व्हता. माती झाल्यावर फोन केला. तुमाला सांगितलं सकाळीच कळवलं म्हणून, ते खोटं व्हतं. कळल्या कळल्या त्यो निघाला व्हता. गलती माझी हाय. त्याचं नाव झाकलं ते बी त्यासाठीच, माझं खोटं खरं दिसावं म्हणून."

ज्यांनी तेव्हा माना हलवल्या होत्या, ते पायांकडे बघत होते. बायनाबाईने त्याच्या आवाजाच्या दिशेने हात रोखला. मला वाटलं, आता ती त्याला शाप देईल.

"सात वर्सं," ती म्हणाली. "सात वर्सं मला माझ्या लेकराचा राग करायला लावलास तू." मग तिने जमीन चाचपली. "काठी दे माझी. तुला एकट्यालाच माफी मागायची न्हाई. चल पाथरीला."

शुभदाताईंनी तिला कसंबसं थांबवलं. "मावशी, आता गाडी मिळायची नाही. उद्या सकाळी निघा." सोमवारी उजाडताच माय-लेक जीपने पालमला आणि तिथून एसटीने पुढे गेली.

आणि या सगळ्या गडबडीत मला धुवायचं कुणाच्याही लक्षात राहिलं नाही! चुन्यासकट मला बादलीच्या काठावर सोडून सगळे निघून गेले. सोमवारी माझे केस ताठ झाले. मंगळवारी मी पार दगड झालो. समोर चौथी भिंत खरडलेली, करडी, मध्ये ती हातभर जागा तशीच. नाताळ दोन दिवसांवर आला तरी ती तशीच, असं आमच्या गावात कधीच झालं नव्हतं. दारातून येणारा प्रत्येक आवाज मी कान देऊन ऐकत होतो. प्रीतम येईल का? त्याने का यावं? मी त्याच्या जागी असतो तर आलो असतो का? खरं सांगायचं तर नसतो आलो. तरी मी वाट बघत होतो, कारण दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

बुधवारी दुपारी जीप थांबली. आधी बायनाबाई आत आली. तिचा हात धरून एक उंच माणूस आला, उन्हाने रापलेला, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. त्यांच्या मागे दोन पावलांवर बन्सीधर होता. प्रीतम भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. तो म्हणाला, "मी मायसाठी आलोय. तुझ्यासाठी न्हाई आलो, दादा. खोटं कशाला बोलू?"

"बरं," बन्सीधर म्हणाला.

बन्सीधरने खुरपं घेतलं आणि ती हातभर जागा खरडायला लागला. सात वर्षांचे थर होते. चुन्याबरोबर खालचा निळा रंगही सुटून आला. शेवटी भिंत स्वच्छ झाली तेव्हा नावाचे दोन-तीन तुकडे तेवढे उरले होते. शेजारून कुणीतरी निळा रंग आणला, पण अक्षरं काढायला बारीक कुंचला कुठून आणायचा? बन्सीधरने मला उचललं. पाण्यात बुडवलं, दगडावर ठेचून माझा चुना मोकळा केला, मग माझे चार धागे उपटले आणि एका काडीला दोऱ्याने बांधले. मला दुखलं. पण असं दुखणं मी रोज सोसायला तयार आहे. त्याने ती काडी प्रीतमपुढे धरली.

प्रीतमने हात मागे घेतला. "म्या न्हाई. झाकलं कुणी? तूच लिव."

बन्सीधरने लिहिलं. एक अक्षर वर गेलं, एक खाली आलं. बायनाबाईला दिसत नव्हतं, ती सारखी विचारत होती, "झालं का? झालं का रं?" मग बन्सीधरने मला घेतलं आणि उरलेल्या भिंतीला चुना मारला. नावाजवळ आल्यावर त्याने माझी कड धरली. प्रीतम शिडीला हात न लावता बाजूला उभा होता, आणि त्याचे डोळे भरले होते. नाताळच्या जेवणात तो आईशेजारी बसला. भावाशी फार बोलला नाही. त्यांची गळाभेट झाली नाही, झाली म्हणून मी सांगणार नाही. शुक्रवारी सकाळी त्याला फडावर परतायचं होतं. निघताना तो चर्चच्या दारात आला आणि आत न बघता बन्सीधरला म्हणाला, "पुढल्या सालाला चारातला एक तरी ऐतवार येतो. एक भित ठेव माझ्यासाठी. कोनची बी." बन्सीधरने मान हलवली.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर मूठभरही केस उरलेले नाहीत. परवा मंडळीत कुणी म्हणालं की नवा ब्रश आणू, हा टाकून द्या. त्यांचं चूक नाही, मी खरंच कामातून गेलो आहे. तुम्हाला मी एवढंच सांगतो, की ज्याला जे सांगायचं राहिलं आहे ते त्याला आजच सांगा, त्यावर वर्षानुवर्षं चुना मारत बसू नका. आणि माझी एक विनवणी आहे, तेवढी बन्सीधरच्या कानावर घाला. मला धुऊन, वाळवून, कोनाड्यात ठेवा. पुढच्या आगमनकाळापर्यंत मला फेकू नका. प्रीतम येणार आहे, आणि त्याची भिंत मला पांढरी करायची आहे.